भाषा आवडणाऱ्याने कोठे जावे?

प्रथम एक कोडे. तुर्की भाषेतील काही शब्द पुढे दिले आहेत. तुम्हांला तुर्की येत नाही असे मी धरून चालतो. येत असेल तर कोड्यातली गंमत गेली.

‘किताप’ म्हणजे पुस्तक आणि ‘किताप्लार’ म्हणजे पुस्तके. ‘देफ्तेर’ म्हणजे वही आणि ‘देफ्तेर्लेर’ म्हणजे वह्या. ‘आत’ म्हणजे घोडा, ‘आत्लार’ म्हणजे घोडे. ‘एव’ म्हणजे घर, ‘एव्लेर’ म्हणजे घरे. ‘आन्ने’ म्हणजे आई, ‘आन्नेलेर’ म्हणजे आया. आता ‘मासा’ म्हणजे टेबल (आपल्या मासळीशी त्याचा काही संबंध नाही!) आणि ‘कालेम’ म्हणजे लेखणी, तर टेबले आणि लेखण्या यांना तुर्कीत काय म्हणतील?

हाती पेन्सिल घ्या, पाच मिनिटे विचार करा आणि मगच पुढे वाचा.

किताब, दफ्तर, कलम हे शब्द आपल्याही ओळखीचे आहेत, पण ती ओळख येथे उपयोगी पडत नाही. अनेकवचन करताना कधी ‘लार’ लागतो, कधी ‘लेर’, एवढे चटकन दिसते. पहिला तर्क बहुतेकांचा असा असतो: शब्दात ‘आ’ असेल तर ‘लार’, नसेल तर ‘लेर’. किताप, आत, देफ्तेर, एव हे चारही शब्द या तर्कात नीट बसतात. पण ‘आन्ने’ आडवा येतो. त्यात ‘आ’ आहे, तरी त्याला ‘लेर’ लागला. मग तर्क बदलावा लागतो. सगळा शब्द न पाहता त्यातला शेवटचा स्वर तेवढा पाहायचा. तो ‘आ’ असेल तर ‘लार’, ‘ए’ असेल तर ‘लेर’. म्हणून ‘मासालार’ आणि ‘कालेम्लेर’.

आता ‘आन्ने’ हा शब्द कोड्यातून काढून टाका आणि पुन्हा पाहा. ‘कालेम’मध्ये ‘आ’ही आहे आणि ‘ए’ही आहे. त्याची दोन उत्तरे संभवतात आणि दोन्ही दिलेल्या पुराव्याशी जुळतात! म्हणजे कोडे रचणाऱ्याने तो एक शब्द मुद्दाम ठेवला होता. प्रयोगशाळेत दोन उपपत्तींपैकी कोणती खरी हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञ जसा एक निर्णायक प्रयोग योजतो, तसेच हे काम आहे.

मग मला सांगा, हा विषय कोणत्या शाखेचा?

दहावीचा निकाल लागला की घरोघर तेच संवाद ऐकू येतात. गणित चांगले असेल तर विज्ञानशाखा. भाषा आवडते? मग कलाशाखा, आणि तेही थोडे कमीपणाने सांगितले जाते. विज्ञानशाखेकडे गेलेल्या मुलाने भाषेचा विचार म्हणजे गुण मिळवण्यापुरती एक अडचण असे समजायचे आणि कलाशाखेकडे गेलेल्या मुलीने संगणकाकडे पाठ फिरवायची, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी चुकीची आहे आणि तिची किंमत आपल्या भाषा मोजत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका भाषाशास्त्रज्ञ बाईंचे उदाहरण देतो. लोरी लेव्हिन यांनी अमेरिकेतील एम. आय. टी. या प्रख्यात संस्थेतून १९८६ साली डॉक्टरेट मिळवली. एम. आय. टी. म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे आणि इंजिनियर येतात; पण लेव्हिन यांचा प्रबंध भाषाशास्त्रातला होता आणि त्यात जर्मन कुळातील भाषांच्या क्रियापदांचा विचार होता. पुढे पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्या यांत्रिक भाषांतराच्या कामात आल्या. एका भाषेत बोललेले किंवा लिहिलेले यंत्राने दुसऱ्या भाषेत सांगायचे, हे ते काम. तेथे त्यांच्या शेजारी बसणारे लोक प्रामुख्याने संगणकाचे. एखाद्या क्रियापदाला कर्ता हवा की नको, कर्म कोठे येते, असल्या प्रश्नांना व्याकरणाच्या तासाला आपण जांभया देतो. ते प्रश्न सुटल्याशिवाय त्या प्रयोगशाळेतले यंत्र पुढे सरकत नव्हते.

दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या दक्षिण भागात मापुचे नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या भाषेचे नाव मापुदुंगून. त्या देशात राज्यकारभार, शाळा, दवाखाने सारे स्पॅनिशमधून चालते. या भाषेसाठी यंत्राची मदत उभी करावी म्हणून कार्नेगी मेलनचा गट, तेमुको शहरातील विद्यापीठ आणि चिलीचे शिक्षणखाते यांनी मिळून एक प्रकल्प हाती घेतला. लेव्हिन त्यात होत्या. काम सुरू करताना पहिली अडचण आली ती यंत्राची नव्हतीच. संगणकाला शिकवायला लागेल इतका लिखित मजकूरच या भाषेत नव्हता. जो होता तो वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेला; कोणता ध्वनी कोणत्या अक्षराने दाखवायचा याबद्दलही एकमत नव्हते.

तेव्हा काय करायचे? लोकांकडे जायचे. मापुदुंगून ज्यांची मातृभाषा आहे अशा माणसांचा एक गट तयार झाला. त्यांनी आपल्या लोकांशी आजार, औषधोपचार, घरगुती आणि परंपरागत उपाय यांविषयी गप्पा मारल्या आणि त्या ध्वनिमुद्रित केल्या. असे सुमारे १७० तासांचे बोलणे जमले. मग ते ऐकून, थांबवून, पुन्हा ऐकून लिहून काढायचे आणि स्पॅनिशमध्ये भाषांतर करायचे. त्याआधी लेखनाचे नियम ठरवायचे. ज्याने कोणी एका तासाची ध्वनिफीत कागदावर उतरवली असेल त्याला कळेल की १७० तास म्हणजे काय प्रकरण आहे.

येथे एक गोष्ट माझ्या मते मोठ्या महत्त्वाची आहे. तंत्रज्ञानात काम करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाला दोन कामे यावी लागतात. एक म्हणजे भाषेची उकल. दुसरे म्हणजे माणसे जमवणे. भाषा ही खाणीतून काढून आणायची वस्तू नाही, ती माणसांच्या तोंडी असते. ज्याला माणसे बोलावता येत नाहीत, त्यांना बसवून घेता येत नाही, त्यांचा विश्वास मिळवता येत नाही, त्याचा संगणक कितीही मोठा असला तरी मुकाच राहणार.

यावर हुशार विद्यार्थी लगेच विचारील, “पण आजकालची यंत्रे कोणी नियम न सांगताच भाषा शिकतात ना?” प्रश्न रास्त आहे. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये यांत्रिक भाषांतराचा पहिला जाहीर प्रयोग झाला, तेव्हा रशियनवरून इंग्रजी करणाऱ्या त्या यंत्राला २५० शब्द आणि व्याकरणाचे ६ नियम माणसांनी हाताने पुरवले होते. आजची मोठी यंत्रे तशी चालत नाहीत. ती प्रचंड मजकूर वाचतात आणि त्यातल्या सवयी स्वतः टिपतात. इंग्रजीचे काम त्यामुळे पुष्कळच साधले. पण वाचायला मजकूर असेल तर! मापुदुंगूनसारख्या भाषेत तो कोठून आणणार? आणि इतके दूर तरी कशाला जायचे? मेळघाटातील कोरकू, यवतमाळकडची कोलामी, बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलली जाणारी निहाली यांची पुस्तके तुमच्या शाळेच्या कपाटात किती आहेत ते पाहून या. निहालीचे तर जगातील कोणत्याच भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. अशी भाषा आपल्या राज्यात आहे आणि आपल्या बहुतेक पदवीधरांनी तिचे नावही ऐकलेले नाही.

मराठीची स्थिती बरी आहे, तरी पेच कमी नाहीत. ‘घर’ हा साधा शब्द घ्या. घराला, घरात, घरातून, घरापासून, घरासमोरचा, घरासमोरच्यांनासुद्धा. माणसाला यात एकच ‘घर’ दिसते, यंत्राला मात्र सहा निरनिराळे शब्द दिसतात. प्रत्यय सोडवून मूळ शब्द कसा गाठायचा हे त्याला कळावे लागते. बरे, प्रत्यय लागताना मूळ शब्दही बदलतो. फूल, पण फुलाला. मूल, पण मुलाला. दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. मग ‘दूत’चे ‘दुताला’ होईल का? नाही, दूताला. ‘गीत’चेही गीताला. संस्कृतातून जसाचा तसा आलेला शब्द आपला दीर्घ स्वर सोडत नाही. सर्वांत मौज ‘पीठ’ या शब्दाची. चक्कीवरच्या पिठात ऱ्हस्व, पण विद्यापीठात दीर्घ! अक्षरे तीच, वागणूक वेगळी. शुद्धलेखन तपासणारे यंत्र बनवायचे तर हा भेद कोणीतरी ओळखून त्याला दाखवावा लागतो. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये मराठी शब्दांच्या अर्थांचे परस्परसंबंध दाखवणारे शब्दजाल तयार झाले, पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम झाले. त्यांत इंजिनियरांबरोबर भाषा जाणणारी माणसे लागलीच. हैदराबादच्या आय. आय. आय. टी.त संगणकशास्त्र आणि भाषाशास्त्र एकत्र शिकवण्याची सोय आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्राचा विभाग तर जुना आणि नावाजलेला. तेव्हा “भाषा शिकून पोट भरते का?” या काकांच्या प्रश्नाला उत्तर नाही असे नाही.

परत लेव्हिन यांच्याकडे वळू. २००६ च्या सुमारास त्यांच्यापुढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे एक प्रश्न होता: असले काम करू शकणारी मुले आहेत, पण असा विषय असतो हेच त्यांना ठाऊक नाही. शाळेत भौतिकी असते, रसायन असते, भाषाशास्त्र नसते. मग त्यांना गाठायचे कसे? त्यावरचा उपाय रशियात आधीच सापडलेला होता. तेथे आंद्रेई झालिझ्न्याक या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ साली भाषेच्या कोड्यांची कल्पना मांडली होती. अगदी अपरिचित भाषेतला थोडा नमुना द्यायचा आणि केवळ विचार करून तिचा नियम शोधायला लावायचा. १९६५ साली आल्फ्रेड झुरिन्स्की या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने मॉस्कोत शाळकरी मुलांसाठी अशा कोड्यांची पहिली ऑलिंपियाड स्पर्धा भरली आणि तिच्या संयोजनाची धुरा व्लादिमीर उस्पेन्स्की यांनी उचलली. उस्पेन्स्की हे गणितज्ञ! पुढे ही लाट बल्गेरियात आणि इतरत्र गेली. २००३ साली बल्गेरियातील बोरोवेत्स येथे ६ देशांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली.

लेव्हिन, ओरेगनचे भाषाशास्त्रज्ञ टॉमस पेन आणि मूळचे बल्गेरियाचे ड्रागोमिर राडेव्ह या तिघांच्या पुढाकाराने २००७ साली उत्तर अमेरिकेत अशी स्पर्धा सुरू झाली. तिला ‘नॅक्लो’ म्हणतात. राडेव्ह हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक, आधी मिशिगन आणि मग येल विद्यापीठात. लांबलचक मजकुराचा सारांश यंत्राने कसा काढावा यावर त्यांचे काम आहे. त्यांची आणि त्यांच्या विद्यार्थ्याची २००४ सालची एक युक्ती तुम्हांलाही समजेल. मजकुरातले प्रत्येक वाक्य इतर प्रत्येक वाक्याशी ताडून पाहायचे. ज्या वाक्याशी पुष्कळ वाक्ये मिळतीजुळती निघतात ते वाक्य महत्त्वाचे. जणू इतर वाक्ये त्याला मत देतात. आणि ज्यांना स्वतःलाच जास्त मते आहेत अशा वाक्यांचे मत अधिक वजनदार धरायचे.

असल्या कामात गढलेला हा माणूस दरवर्षी शाळकरी मुलांसाठी कोडी जमवीत असे, अमेरिकेच्या संघाला शिकवीत असे, त्यांच्याबरोबर परदेशी जात असे. कोड्यांची दोन पुस्तके त्यांनी २०१३ साली संपादित केली. २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर शोधनिबंध पुष्कळ आहेत, पण त्यांच्या कोड्यांमुळे या विषयाकडे वळलेली मुले हे त्यांचे काम मला कमी मोलाचे वाटत नाही. आपल्याकडे मात्र शास्त्रज्ञाने शाळेत जाऊन कार्यक्रम केला की त्याला ‘वेळ आहे वाटतं’ असे ऐकावे लागते.

स्पर्धा भरवणे म्हणजे हार-तुरे आणि अध्यक्षीय भाषण नव्हे. कोडे रचायचे, भाषा जाणणाऱ्याकडून प्रत्येक शब्द तपासून घ्यायचा, मग ते कोडे न पाहिलेल्या दोघांचौघांना सोडवायला देऊन त्याला एकच उत्तर निघते ना हे बघायचे. उत्तर दोन निघाली तर आपला ‘आन्ने’ शोधायला पुन्हा बसायचे. कोणा मुलाच्या घरी ती भाषा बोलली जात असेल तर त्याला अवाजवी फायदा होणार नाही हेही पाहायचे. म्हणूनच दूरदूरच्या भाषा निवडतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकेका विद्यार्थ्याला ५ कोडी आणि ६ तास मिळतात, आणि नुसत्या उत्तरावर भागत नाही, नियम कसा सापडला ते समजावून द्यावे लागते. पाठांतराला तेथे काडीचा वाव नाही. २०२४ साली ब्रिटनच्या स्पर्धेतील कोडी संगणकांना घालून पाहिली, तेव्हा त्या काळच्या उत्तम यंत्रांनाही अवघड कोड्यांपैकी निम्मीसुद्धा सुटली नाहीत.

भारताचा संघ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम २००९ साली पोलंडमध्ये उतरला. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेला पाणिनीचे नाव दिले आहे, आणि ते शोभतेही. भाषेचे नियम सूत्रात कसे बांधावे हे त्यानेच तर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी दाखवले. २०१६ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हैसूरला भरली होती. म्हैसूर येथून फार दूर नाही. तरी तुमच्या ओळखीच्या किती मुलांनी या स्पर्धेचे नाव ऐकले आहे? गणिताच्या आणि विज्ञानाच्या प्रज्ञाशोध परीक्षांसाठी शिकवण्या चालतात. ह्या स्पर्धेचे पत्रक शाळेच्या फलकावर लागलेले मी पाहिलेले नाही.

शिक्षकांना माझे एक सांगणे आहे. राष्ट्रीय स्पर्धेची वाट पाहू नका. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, रसायने लागत नाहीत, वीज गेली तरी अडत नाही. एक वर्ग, चक्रमुद्रित किंवा हाताने लिहिलेले कागद आणि शनिवारचे तीन तास एवढ्यावर भागते. मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून हा उद्योग करावा. हे दोघे शिक्षक-खोलीत एका बाकावर बसतात, पण एका कामाला बसलेले क्वचितच दिसतात. आणि कोडी आपल्या तालुक्यातल्या भाषांची करा. खानदेशात अहिराणी आहे, गडचिरोलीत गोंडी आहे, सोलापुरात कन्नड आणि तेलुगू आहे, सिंधुदुर्गात मालवणी आहे. वर्गात जी मुले घरी वेगळी भाषा बोलतात ती बहुधा गप्प असतात, कारण शाळेत त्या भाषेची किंमत शून्य. उलट तिच्यामुळे मराठी ‘बिघडते’ असेच त्यांना सांगितले जाते. कोडे रचायला बसलात की याच मुलांकडे जावे लागते. शब्द त्यांच्याकडे आहेत, बरोबर-चूक ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. या मुलांना सोडवणारे न करता रचणारे करा, म्हणजे घरच्या भाषेचा फायदा कोणाला झाला अशी तक्रारही उरणार नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक काढून बक्षिसे वाटली की काम झाले असे समजणाऱ्या संयोजकांच्या हाती हे पडू नये. नॅक्लोची पहिली फेरी कोणत्याही शाळकरी मुलाला खुली असते, ती उगाच नव्हे. सुटले नाही तरी कोडे घरी न्यावे, ताईशी भांडावे, आजीला विचारावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी जाता जाता एक मराठीतले कोडे. ‘चार’ आणि ‘चारा’ हे शब्द मोठ्याने म्हणा. अक्षर तेच, पण ‘च’चा उच्चार एक नाही. आता ‘घरचा’, ‘घरची’, ‘घरच्या’ म्हणा आणि जीभ कोठे टेकते तिकडे लक्ष ठेवा. मराठी वाचून दाखवणारे यंत्र तुम्हांला बनवायचे आहे असे समजा. कोणता ‘च’ केव्हा म्हणायचा हे त्याला कसे सांगाल? नियम लिहिण्यापूर्वी निदान चाळीस शब्द गोळा करा, आणि त्यांत ‘चहा’, ‘चेंडू’, ‘चूल’, ‘चंद्र’ व ‘चमचा’ असू द्या. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला एखादा मित्र वर्गात असेल तर तेच शब्द त्यालाही म्हणायला लावा, आणि दोघांचे उच्चार शेजारी-शेजारी दोन रकान्यांत लिहा.